प्लेगच्या जंतूचा पीळ



१९९४ सालच्या सप्टेंबर महिन्यांतील गोष्ट आहे. त्या वेळीं मी हट्टा येथें शाळामास्तर होतों. आज आमचें हट्टा हिंगोली जिल्ह्यांत मोडतें. परंतु हिंगोली जिल्हा १९९९ सालीं निराळा झाला, तोंवर आम्ही परभणीचे होतों. बीड जिल्ह्यांतील मामला नांवाच्या खेड्यांत उंदीर पडूं लागले आणि पाठोपाठ माणसांच्या जांघेंत व काखेंत गांठी दिसूं लागल्या, ही बातमी वर्तमानपत्रांतून आली. थोड्याच दिवसांत सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगची त्याहूनहि भयंकर बातमी आली. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दुकानांतून नाहींशा झाल्या. मुलें नाकातोंडाला हातरुमाल बांधून वर्गांत बसूं लागलीं. मीं फळ्यावर उंदीर, पिसू आणि माणूस अशीं तीन चित्रें काढलीं, त्यांच्यामध्यें बाण दाखविले आणि रोग कसा येतो तें सांगितलें. तेव्हां मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, “गुरुजी, जंतु एकच ना? मग पिसवेला कांहीं होत नाही आणि माणूस मरतो. आपण पिसवेत आहोत की माणसात, हे त्याला कळतं कसं?”

मीं उत्तर दिलें, “तो त्याचा स्वभाव.” हें उत्तर नव्हे, हें मलाहि कळलें आणि त्यालाहि. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. त्या प्रश्नाच्या पोटांत काय काय दडलें आहे याची मला कल्पना नव्हती. सेवानिवृत्त झाल्यावर सवड मिळाली, पुस्तकें मिळालीं, आणि उत्तर थोडेंथोडें जुळत गेलें. तें मुंबईपासून सुरू होतें, म्हणून मलाहि तेथूनच आरंभ केला पाहिजे.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईंतील मांडवी भागांत डॉ. अकाशियो व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं गांठीचा ताप ओळखला आणि हा प्लेग आहे असें सांगितलें. दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, हाँगकाँग येथें अलेक्झांडर येर्सिन ह्यानें ह्या रोगाचा जंतु शोधून काढला होता. आज त्या जंतूस त्याचेंच नांव आहे. पुढील कहाणी महाराष्ट्रास तोंडपाठ आहे: घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या, पुण्यांत रँडसाहेबाचा वध, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई फुल्यांना आलेला मृत्यु. त्यांतील प्रत्येक गोष्टीवर स्वतंत्र भाषण होईल. मला आज एका बाटलीबद्दल बोलावयाचें आहे.

ती बाटली वाल्डेमार हाफकिन ह्याची. ओडेसा येथें जन्मलेला हा शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्यें मुंबईस आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्याला कामापुरती जागा मिळाली. त्यानें प्लेगचा जंतु मांसाच्या काढ्यांत वाढविला. हिंदु व मुसलमान दोघांच्याहि भावनांस धक्का लागूं नये म्हणून हा काढा बकऱ्याच्या मांसाचा करीत असत. काढ्याच्या पृष्ठभागावर तूप सोडीत. तुपाच्या थेंबांना धरून जंतूंच्या वसाहती खालीं लोंबत. गुहेच्या छतापासून चुन्याच्या कांड्या लोंबतात ना, तशा. बाटली हालविली कीं त्या तळाशीं जात आणि तुपाखालीं नव्या येत. असें सुमारें सहा आठवडे चाले. मग बाटल्या तापवून जंतु मारीत व तें द्रव्य टोंचीत. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिननें पहिली टोंचणी स्वतःच्या अंगावर घेतली. तुपाचा असा उपयोग आपल्या स्वयंपाकघरांत कोणाला सुचला नसता!

लशीचा उपयोग झाला कीं नाहीं? झाला. बडोदें संस्थानांतील उंढेरें गांवीं १८९८ सालीं घरोघर अर्ध्या माणसांना टोंचलें व अर्ध्यांना टोंचलें नाहीं. टोंचलेल्या ७१ जणांपैकीं तिघे मेले. न टोंचलेल्या ६४ जणांपैकीं २६ मेले. एका घरांत, एका अन्नावर राहिलेल्या माणसांत इतका फरक पडला, हें थोडें नव्हे. तरी तिघे मेलेच. आणि इतरत्रहि लस घेतलेलीं माणसें अधूनमधून मरत. लस पूर्ण कां लागू पडत नाहीं, हें कोडें पुष्कळ वर्षें तसेंच राहिलें.

एक साधी गोष्ट त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आली नव्हती. हाफकिनच्या बाटल्या खोलीच्या उबेंत वाढत. हा जंतु शरीराच्या उष्णतेपेक्षां थोड्या गारव्यांत अधिक जोमानें वाढतो, म्हणून ती निवड शहाणपणाचीच दिसत होती. परंतु १९३२ सालीं लंडनच्या लिस्टर संस्थेंतील हॅरी शूट्झे ह्यानें दाखविलें कीं, हाच जंतु ३७ अंशांवर, म्हणजे मनुष्याच्या रक्ताच्या उष्णतेवर वाढविला, तर तो आपल्या अंगावर एक बुळबुळीत पांघरूण घेतो. गारव्यांत वाढविला तर हें पांघरूण फारसें येत नाहीं. शरीरांतील पांढऱ्या पेशी पांघरूण घेतलेल्या जंतूस सहजासहजीं गिळूं शकत नाहींत. आणि उंदरांवरील प्रयोगांत पांघरूणवाल्या जंतूंची लस अधिक रक्षण करणारी ठरली. मुंबईंतहि परळच्या प्रयोगशाळेंत, जिला १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणतात, १९३२ सालीं साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले, आणि त्यांच्या कारकिर्दींत लशीची कृति पुष्कळ सुधारली. मांसाचा काढा जाऊन दुधांतील केसीनपासून केलेलें द्रव्य आलें. बाटलीच्या उष्णतेला महत्त्व आलें तें तेव्हां.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर १९३२ सालींच निघालें होतें. जंतूला ‘आपण कोठें आहों’ हें कळतें तें उबेवरून. पिसू थंड रक्ताची; भोंवतालची हवा जितकी उबदार, तितकीच ती. माणूस आणि उंदीर ३७ अंशांच्या जवळपास. ह्या दहाबारा अंशांच्या फरकानें जंतु निराळा होतो. परंतु राहिलेलें अर्धें उत्तर अवघड आहे. ऊब कळते कोणाला? ज्याला डोळा नाहीं, मज्जातंतु नाहीं, अशा एका पेशीच्या जीवांत ऊब ‘वाचली’ जाते कोठें?

त्यासाठीं जंतूच्या आंत शिरावें लागेल. प्लेगच्या जंतूची लांबी मिलिमीटराच्या हजाराव्या भागाच्या दीडदोन पट. त्याचें गुणसूत्र म्हणजे डीएनएचा एकच धागा, दोन्ही टोकें जुळून कडें झालेला. २००१ सालीं इंग्लंडांतील सँगर संस्थेंत तो अक्षरन् अक्षर वाचून झाला. त्यांत सुमारें साडेसेहेचाळीस लाख अक्षरजोड्या निघाल्या. हा धागा सरळ ताणला तर दीड मिलिमीटरहून थोडा अधिक भरेल. आपल्या मापांत सांगावयाचें तर हातभर लांबीच्या पेटींत आठशें हात दोर कोंबलेला आहे. आणि तोहि असा कीं त्याचा कोणताहि भाग कोणत्याहि क्षणीं वाचतां आला पाहिजे.

हा दोर दुपेडी आहे. आमच्याकडे अंबाडीच्या वाखाचे दोर वळतात, तें ज्यानें पाहिलें असेल त्यास पुढील गोष्ट सहज समजेल. पिळाच्या दिशेनें अधिक पीळ दिला कीं दोर आपोआप वेटोळीं घालूं लागतो. पीळ उलट्या दिशेनें फिरविला कीं दोन पेड एकमेकांपासून फांकूं पाहतात. जंतूचा दोर नेहमीं थोड्या उलट्या पिळांत ठेवलेला असतो. तो तसा ठेवण्याचें काम करणारें प्रथिन, ज्याला जायरेज म्हणतात, १९७६ सालीं अमेरिकेंत मार्टिन गेलर्ट व त्याच्या सहकाऱ्यांनीं शोधलें. जनुक वाचावयाचें म्हणजे तेवढ्या जागीं पेड फांकले पाहिजेत. म्हणून पीळ कमीजास्त झाला कीं कोणतें जनुक वाचणें सोपें व कोणतें अवघड हें बदलतें.

आतां इतिहासाचा एक भाग सांगतों. १९६१ सालीं पॅरिसमध्यें फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो ह्यांनीं जनुकें चालू व बंद कशीं होतात याची उपपत्ति मांडली: जनुकाच्या दाराशीं एक प्रथिन पहारेकऱ्यासारखें उभें असतें, योग्य निरोप आला कीं तें बाजूस होतें. उपपत्ति सुंदर होती, खरीहि होती. १९६५ सालीं तिला नोबेल पारितोषिक मिळालें. दोनच वर्षांनीं, १९६३ सालीं, जॉन केर्न्सनें जंतूच्या गुणसूत्राचें कड्यासारखें चित्र जगापुढें ठेवलें. परंतु बरींच वर्षें सर्वांचें लक्ष दाराशीं उभ्या असलेल्या पहारेकऱ्यावरच होतें. धागा कसा घडी घातलेला आहे, हा केवळ सामान बांधण्याचा प्रश्न मानला गेला. इतिहासाच्या वाचकांस हें विचित्र वाटावें. पेशवे दफ्तरांतील कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत. कागदावर काय लिहिलें आहे हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच रुमाल सुटलेला आहे कीं बांधलेला हेंहि महत्त्वाचें. गांठ सुटल्याखेरीज मजकूर असून नसल्यासारखा.

जंतूमध्यें अशा गांठी मारणारीं प्रथिनें आहेत. त्यांतील एकाला एच-एन-एस म्हणतात. १९७० च्या सुमारास तें आंतड्यांतील कोलाय नांवाच्या जंतूंत सांपडलें, पण त्याचें खरें काम पुष्कळ उशिरां कळलें. २००६ सालीं विषमज्वराच्या कुळांतील साल्मोनेला ह्या जंतूवर काम करणाऱ्या दोन मंडळांनीं दाखविलें कीं, हें प्रथिन विशेषेंकरून परक्याकडून आलेल्या जनुकांवर बसतें व त्यांना मुकें ठेवतें. जंतु एकमेकांकडून जनुकें घेत असतात, हें लक्षांत ठेवावें. बाहेरून आलेला मजकूर उपयोगी असेल, घातकहि असेल; म्हणून तो आधीं रुमालांत बांधून ठेवावयाचा. वेळ आली कीं गांठ सैल करावयाची.

प्लेगच्या जंतूला हें फार लागू पडतें, कारण त्याचीं बरींचशीं शस्त्रें परक्यांचीं आहेत. तो मूळचा आंतड्यांत राहणाऱ्या, बऱ्याच सौम्य अशा एका जंतूपासून निघाला. त्याच्याजवळ मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएचीं तीन लहान कडीं आहेत. एका कड्यावर पांघरुणाचें जनुक आहे. दुसऱ्यावर, जें त्याच्या दोन आंतडेवासी भाऊबंदांजवळहि आहे, पांढऱ्या पेशींच्या पोटांत सुईसारख्या नळीनें विष टोंचण्याची सगळी सामग्री आहे. ही सामग्री गारव्यांत तयार करणें म्हणजे निव्वळ उधळपट्टी. पिसवेंत तिचा उपयोग नाहीं.

आणि येथें मला एक योगायोग सांपडला. ज्या १९९४ सालीं हट्ट्याच्या वर्गांत मला तो प्रश्न विचारला गेला, त्याच वर्षीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं ह्या भाऊबंदांपैकीं एकावर केलेलें काम प्रसिद्ध झालें. त्यांना आढळलें कीं, ऊब वाढून हीं शस्त्रें बाहेर निघतात त्याच वेळीं डीएनएचा पीळहि बदलतो. १९९९ सालीं त्यांनीं आणखी दाखविलें कीं, ह्या कड्याच्या डीएनएला जागोजागीं जन्मतः बांक आहेत, आणि ते बांक ३७ अंशांच्या आसपास विरतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं अशी आपली म्हण आहे. येथें सुंभ जसाच्या तसा राहतो, आणि दहाबारा अंशांच्या उबेनें पीळ बदलतो! बांक गेला कीं त्यावर बसलेल्या प्रथिनाचा आधार जातो. एच-एन-एसचा एक धाकटा जोडीदार आहे, वाय-मो-ए नांवाचा. तोहि गांठ घट्ट ठेवण्यास मदत करतो. २००४ सालीं खुद्द प्लेगच्या जंतूंत असें दिसलें कीं, ३७ अंशांवर हा जोडीदार पेशींतच कापला जाऊन नाहींसा होतो. म्हणजे ऊब वाचणारा कोणी निराळा अवयव नाहीं. जो दोर वाचावयाचा, त्याची घडी हाच तापमापक आहे.

येथें अतिशयोक्ति होऊं नये. सगळें काम घडीच करते असें मी म्हणत नाहीं. पांघरुणाच्या जनुकाला त्याचा स्वतःचा पहारेकरीहि आहे. जाकोब व मोनो खोटे ठरले नाहींत. शिवाय १९९३ सालीं असें आढळलें होतें कीं, शस्त्रागार उघडणाऱ्या मुख्य जनुकाची जी नक्कल निघते, ती आरएनएची चिठ्ठीसुद्धां गारव्यांत दुमडलेली असते व उबेंत उलगडते. म्हणजे कुलुपें दोन-तीन आहेत. रुमालाची गांठ सुटली, पहारेकरी बाजूस झाला, चिठ्ठी उलगडली, कीं मग हत्यारें बाहेर. इतकी खबरदारी कां, तर भलत्या वेळीं हत्यार काढणारा जंतु उपाशी मरतो.

घडीपेक्षांहि मोठी अशी एक मांडणी आहे, ती म्हणजे कड्यावरील जागा. जंतु दुणावण्यापूर्वीं गुणसूत्राची प्रत काढतो. ती एका ठरलेल्या ठिकाणापासून सुरू होऊन दोन्ही बाजूंनीं समोरच्या बिंदूपर्यंत जाते. वेगानें वाढणाऱ्या जंतूंत आरंभाजवळच्या जनुकांच्या प्रती नेहमींच अधिक असतात, म्हणून त्यांचा मालहि अधिक निघतो. प्लेगच्या जंतूंत उड्या मारणारे कांहीं लहान तुकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यामुळें गुणसूत्राचे मोठमोठे भाग उलटेसुलटे होत असतात. निरनिराळ्या देशांतील जंतूंची तुलना केली तर पानें विस्कटलेल्या पोथीसारखें दिसतें. परंतु २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, ही उलथापालथ बहुधा आरंभाच्या व अंताच्या दोन्ही बाजूंस समतोल राखूनच टिकते. पानें विस्कटतात, पण पहिल्या अध्यायांतलें पान शेवटच्या अध्यायांत सहसा जात नाहीं. ज्यांचा तोल गेला ते जंतु बहुधा मागें पडले व नाहींसे झाले.

२०१३ सालीं कौलोबॅक्टर नांवाच्या एका निरुपद्रवी पाणजंतूच्या घडीचा नकाशाहि निघाला. त्याचें गुणसूत्र वीसहून अधिक वाड्यांत विभागलेलें दिसलें, आणि दोन वाड्यांमधील सीमेवर बहुधा फार वाचलीं जाणारीं जनुकें आढळलीं. म्हणजे घडी वाचनावर परिणाम करते, तसें वाचनहि घडीवर करतें. ज्या रस्त्यानें रहदारी अधिक, त्या रस्त्यानेंच दोन आळ्या वेगळ्या पडाव्या, तसें हें आहे. ह्या नकाशांची विद्या अद्याप तरुण आहे.

आतां बीडकडे परत येऊं. त्या साथींत ज्यांना प्लेग झाल्याचें धरलें गेलें, त्यांच्यापैकीं पुष्कळांची निश्चिति कशी केली, ठाऊक आहे? त्यांच्या रक्तांत त्या पांघरुणाविरुद्धचीं प्रतिद्रव्यें आहेत कीं नाहींत हें पाहून. पांघरूण बनतें तें उबदार शरीरांत. तेव्हां त्याविरुद्धचीं प्रतिद्रव्यें रक्तांत असणें म्हणजे जंतु त्या शरीरांत खरोखर राहून गेल्याची खूण. शूट्झेचें १९३२ चें पांघरूण बासष्ट वर्षांनीं मराठवाड्यांत साक्षीदार म्हणून उभें राहिलें. तरीहि साथ खरोखर प्लेगची होती कीं नाहीं ह्यावर वाद झालाच. २००० सालीं हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रांतील संशोधकांनीं त्या वेळच्या जंतूंचा डीएनए तपासून तो प्लेगचाच असल्याचें प्रसिद्ध केलें. मामल्यास तो कां उद्भवला? आदल्या वर्षीं, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, किल्लारीचा भूकंप झाला होता. लोक घरें सोडून बाहेर राहिले, घरांत धान्य तसेंच राहिलें आणि उंदीर माजले, असें सामान्यतः मानतात.

घरें सोडून बाहेर राहिले, हें वाचलें कीं मला माझी आजी आठवते. ती ‘पिलेग’ म्हणे. निजामाच्या राज्यांत, तिच्या लहानपणीं, उंदीर पडला कीं गांव मोकळें करावयाचें आणि माळावर कोप्या घालून राहावयाचें अशी रीत होती. तिचे दोन भाऊ एका हिंवाळ्यांत गेले, कारण त्या वर्षीं घरांत बाळंतीण होती व निघावयास चार दिवस उशीर झाला. माळावर गेलेल्यांपैकीं बहुतेक जगले. त्यांना जंतु ठाऊक नव्हता, पिसू ठाऊक होती पण तिचा अपराध ठाऊक नव्हता. पॉल-लुई सिमों ह्यानें १८९८ सालीं कराचींत पिसवेवर बोट ठेवलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी दहा वर्षें लागलीं. घर सोडलें म्हणजे उंदीर सुटला, उंदीर सुटला म्हणजे पिसू सुटली. माळावरच्या माणसांपर्यंत जंतु पोंचतच नसे.

आणि माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नांत एक चूक होती, ती मला तेव्हां ठाऊक नव्हती. पिसवेला कांहीं होत नाहीं, असें नाहीं. गारव्यांत हा जंतु पांघरूण घेत नाहीं, पण एक चिकट खळ तयार करतो; ही खळ ३७ अंशांवर तो करीत नाहीं. त्या खळीनें जंतूंचा गोळा होऊन पिसवेचा घसा बुजतो. १९१४ सालीं बेकट व मार्टिन ह्यांनीं हें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. तिनें रक्त ओढलें कीं तें ह्या गोळ्यावर आपटून परत जखमेंत येतें, आणि येतांना जंतु घेऊन येतें. जे जंतु असे आंत शिरतात ते उघड्या अंगाचे असतात. त्यांतले पुष्कळसे पांढऱ्या पेशी लागलींच गिळतात. थोडे वांचतात, आणि कांहीं तासांत उबेंत पांघरूण घेतात. इकडे पिसवेच्या पोटांत रक्ताचा थेंब उतरत नाहीं. भूक भागत नाहीं म्हणून ती पुन्हां चावते, पुन्हां चावते, एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते, आणि अखेर थोड्याच दिवसांत उपासानें मरते.